अभिलेख-संकेतस्थळांचें प्रवेशद्वार : अडचणींची परीक्षा व उपाय

१. नगर जिल्ह्याच्या इतिहासाचीं साधनें जिल्ह्यांत थोडीं व जिल्ह्याबाहेर फार, ही गोष्ट संशोधकांस नवीन नाहीं. १४९० सालीं मलिक अहमदानें वसविलेलें हें शहर निजामशाही, मोगल, मराठे व इंग्रज अशा चार सत्तांच्या हातून गेलें. आणि ज्याचा अंमल त्याच्या दप्तरीं कागद, या न्यायानें येथील कागद दूरदूर पांगले. पेशव्यांचें दप्तर पुण्यास आहे, मुंबई इलाख्याचें मुंबईस, हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र व राजकीय खात्यांचें दिल्लीस; शहाजहान व औरंगजेब यांच्या वेळच्या दक्षिणेंतील कारभाराचे फारसी कागद हैदराबादेस, तर इंडिया ऑफिसचें दप्तर लंडनास. नगर शहरांतील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयानें मोडी कागदांचा मोठा संग्रह राखिला आहे हें खरें. तथापि एखाद्या वतनाचा किंवा इनामाचा पुरा मागोवा घ्यावयाचा तर नेवाशाच्या किंवा संगमनेरच्या अभ्यासकास वरील ठिकाणांच्या दारीं गेल्यावांचून गत्यंतर नसे.

गेल्या कांहीं वर्षांत ही स्थिति पालटली आहे. राष्ट्रीय अभिलेखागारानें २०१५ सालीं ‘अभिलेख पटल’ हें संकेतस्थळ सुरू केलें; महाराष्ट्राच्या भूमि अभिलेख विभागानें जुने सातबारे, फेरफार इत्यादि कागदांच्या प्रतिमा ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर ठेविल्या. प्रवास वांचला, परंतु त्याच्या जागीं एक नवा दरवाजा आला. कागदाचें मूळ पान पाहण्यापूर्वीं वाचकानें आपली नोंद करावी, व प्रत्येक वेळीं आपली ओळख पटवून आंत यावें, असा या स्थळांचा सामान्य नियम आहे. या ओळख पटविण्यास व्यवहारांत लॉगिन म्हणतात. मोडीचा जाणकार, तिथि-मितींचा निष्णात असा वृद्ध संग्राहक याच दाराशीं दोन दिवस अडतो, ‘यंत्र बिघडलें’ असें म्हणतो व नाद सोडून देतो. त्याच्यावांचून जो कागद कोणी वाचणार नव्हतें तो मग न वाचलेलाच राहतो. या दाराची रचना समजून घेतल्यास बहुतेक अडचणी आपल्या आपण दूर करतां येतात, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

२. प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, दार दोन निरनिराळे प्रश्न विचारतें. पहिला : आपण कोण? दुसरा : आपणांस हें पाहण्याचा अधिकार आहे काय? संग्राहकांस हा भेद परिचयाचा आहे. सनदेवरील शिक्का व अखेरची मोर्तब यांवरून ती कोणाची हें ठरतें. परंतु ती अस्सल ठरली म्हणून तींत लिहिलेला गांव देण्याचा अधिकार देणाऱ्यास होता असें होत नाहीं. तो प्रश्न स्वतंत्र आहे व त्याची परीक्षाही स्वतंत्र आहे. लॉगिनच्या अडचणींत जो गोंधळ होतो तो बहुतेक हे दोन प्रश्न एक मानल्यानें होतो. ओळख पटूनही कागद उघडत नाहीं, तेव्हां लोक पासवर्ड बदलीत बसतात. आणि ओळखच पटलेली नसते तेव्हां अभिलेखागाराकडे परवानगीचा अर्ज लिहितात. दोन्ही श्रम व्यर्थ होत.

३. दोष कोठें आहे हें पुष्कळदां यंत्र स्वतः सांगतें; परंतु तें सांगणें आपण वाचीत नाहीं. पृष्ठावर तीन आंकड्यांचा एक संकेत उमटतो. ४०१ म्हणजे ओळख पटली नाहीं. ४०३ म्हणजे मागणी समजली, पण ती पुरविण्यास परवानगी नाहीं. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर तें पान नाहीं. ४२९ म्हणजे थोड्या वेळांत फार वेळां मागणी झाली. ५०० व ५०३ हे आंकडे पलीकडील यंत्रांतील बिघाड किंवा तात्पुरता बंद दाखवितात. सामान्य नियम असा कीं, चारशेंच्या घरांतील आंकडा असल्यास विचार आपल्या बाजूनें सुरू करावा. पांचशेंच्या घरांतील असल्यास आपण कांहींएक न करितां थांबावें. ५०३ उमटत असतां पासवर्ड बदलणें म्हणजे कचेरीस सुट्टी असतां दारावर दुसरी किल्ली लावून पाहणें होय. आंकडा नसून वाक्य असेल तर तें जसेंच्या तसें टिपून घ्यावें. ‘चालत नाहीं’ एवढेंच लिहून पाठविलेल्या तक्रारीस उपयोगी उत्तर मिळणें कठीण. शब्दशः नक्कल, दिवस व वेळ हीं पाठविल्यास तक्रार पाहणारास दोष शोधतां येतो.

४. आतां पासवर्डाकडे वळूं. मोडी वाचणारास ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसला तरी अडत नाहीं; तो संदर्भावरून शब्द पुरा करतो. यंत्र संदर्भ जाणत नाहीं. नीट चालविलेल्या संकेतस्थळांत आपला पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवलेला नसतो. त्यापासून गणितानें काढलेलें एक सार, ज्यास हॅश म्हणतात, तेंच दप्तरीं असतें. आपण दाराशीं जें टंकितों त्याचें सार पुन्हां काढून दोन्ही सारें ताडून पाहिलीं जातात. एक वर्ण बदलला तरी सार समूळ पालटतें. म्हणून ‘जवळजवळ बरोबर’ असा प्रकार येथें नाहीं. यावरून दुसरीही एक गोष्ट कळते. सारावरून मूळ शब्द काढतां येत नाहीं. म्हणून ‘माझा जुना पासवर्ड सांगा’ अशी विनंती कोणासच पुरी करतां येत नाहीं. नवा पासवर्ड घेणें हाच मार्ग.

आपल्याकडील वाचकांस नडणारी विशेष गोष्ट आंकड्यांची आहे. मोबाईलचा किंवा संगणकाचा टंकफलक मराठीवर असला तर आंकडे देवनागरी उमटतात. डोळ्यांस देवनागरी पांच व रोमन पांच यांचा अर्थ एकच. परंतु यूनिकोड या जागतिक संकेतपद्धतींत ते दोन निरनिराळे वर्ण आहेत, व पुष्कळ संकेतस्थळें केवळ रोमन आंकडे ओळखतात. पासवर्डाच्या रकान्यांत तर वर्णांऐवजीं टिंबें दिसतात. तेव्हां ही चूक डोळ्यांस कळत नाहीं. उपाय सोपा आहे : टंकफलक इंग्रजीवर आणून तोच पासवर्ड आधीं एखाद्या कोऱ्या टिपणांत टंकून पहावा, दिसतो तसा आहे अशी खात्री करावी, मग रकान्यांत भरावा व टिपण पुसून टाकावें. याच रीतीनें इतर पाठभेदही उघडकीस येतात : मोठ्या अक्षरांची कळ चुकून दाबलेली असणें, रोमन ‘ओ’ व शून्य, किंवा लहान ‘एल’ व एक यांची अदलाबदल, आणि दुसरीकडून उचलून चिकटवितांना शब्दाच्या शेवटीं आलेली कोरी जागा. ही शेवटची चूक ईमेलच्या पत्त्यांतही होते. नक्कलकाराच्या हातून होणाऱ्या चुकांची ज्यांस संवय आहे त्यांस हें शोधणें अवघड जाऊं नये.

५. तीन-चार प्रयत्न फसल्यावर थांबावें. पुष्कळ ठिकाणीं लागोपाठ चुका झाल्यास खातें कांहीं काळ आपोआप बंद होतें. त्यानंतर खरा पासवर्ड दिला तरी नकारच येतो, व खरा शब्दच खोटा आहे असा भ्रम होतो. ठरलेला काळ जाऊं द्यावा, मग ‘पासवर्ड विसरलों’ या वाटेनें नवा मागवावा. त्याचें पत्र ईमेलवर येतें. पेटींत न दिसल्यास नको असलेल्या पत्रांच्या, म्हणजे स्पॅमच्या, कप्प्यांत पहावें. त्या पत्रांतील दुवा थोडाच वेळ चालतो, व नवें पत्र मागविलें कीं मागील बहुधा निरुपयोगी होतें. म्हणून अनेक पत्रें आलीं असल्यास सर्वांत शेवटचें उघडावें. पत्र मुळींच येत नसेल तर नोंदणीच्या वेळीं ईमेलचा पत्ता चुकला असण्याचा संभव मोठा. तो दोष संकेतस्थळाच्या चालकांस कळविल्यानेंच सुधारतो.

६. कांहीं ठिकाणीं पासवर्डाऐवजीं, किंवा त्यासह, मोबाईलवर येणारा ओटीपी द्यावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घेणारांस हा परिचित आहे. हा एकाच वेळेपुरता चालणारा अंक असून त्याची मुदत थोडी असते. डोंगराळ अकोले तालुक्यांत किंवा जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांत संदेश उशिरां पोंचतो. अधीर होऊन दुसरा अंक मागवावा तों पहिला येतो, तो भरला कीं नाकारला जातो, कारण दुसऱ्याची मागणी होतांच पहिला रद्द झालेला असतो. एकदां मागवून मुदत संपेपर्यंत वाट पाहणें, किंवा मोकळ्या जागीं जाऊन मागविणें, हेंच श्रेयस्कर. हा अंक कोणासही, सरकारी मनुष्य म्हणविणारासही, सांगूं नये. संकेतस्थळाचा पत्ताही दर वेळीं वाचावा; भारतांतील सरकारी स्थळांचे पत्ते बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनीं संपतात. बनावट शिक्का ओळखणाऱ्या डोळ्यांनीं एवढी बारकाई येथेंही दाखवावी.

मोबाईलचा क्रमांक बदलणाऱ्यांनीं एक नियम जाणून असावें. सोडून दिलेला क्रमांक किमान ९० दिवस कोणास दिला जात नाहीं. त्यानंतर तो परक्या मनुष्याकडे जाऊं शकतो, व आपल्या खात्याचे ओटीपी त्याच्याकडे जाऊं लागतात. यास्तव जुना क्रमांक चालू असतांनाच सर्व खात्यांत नवा नोंदवावा. क्रमांक गेल्यावर तेंच काम अर्ज व ओळखपत्रें यांचें होऊन बसतें.

७. कालगणनेचा दोष हा सर्वांत फसवा होय. शुहूर सनांत महिना पाहून ५९९ कीं ६०० मिळवावयाचे हें न कळल्यास कागदाचें साल एकानें चुकतें, हें आपण जाणतों. यंत्रांसही तारखेची अशीच बाधा होते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळापाशीं आपल्या खरेपणाचें एक प्रमाणपत्र असतें व त्यावर आरंभाची व समाप्तीची तारीख असते. आपला संगणक ती आपल्या घड्याळाशीं ताडून पाहतो. लहान संस्थांतील जुन्या संगणकांत घड्याळ चालविणारी तीन व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी संपली, कीं वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षें मागें जाते. मग चांगलें प्रमाणपत्रही ‘अद्याप सुरू न झालेलें’ ठरतें व ‘कनेक्शन खाजगी नाहीं’ अशी सूचना येते. तारीख सुधारली कीं दार उघडतें. बॅटरी बदलली कीं दोष पुन्हां येत नाहीं. ज्या ठिकाणीं ओटीपी संदेशानें न येतां मोबाईलमधील साधनांत बहुधा दर ३० सेकंदांस बदलतो, तेथें तर घड्याळ मिनिटाभरानें चुकलें तरी अंक नाकारला जाण्याचा संभव असतो. मोबाईलची वेळ आपोआप जुळण्यावर ठेवावी.

यंत्राच्या वयाचाही विचार करावा. विंडोज ७ वर चालणारी क्रोम ब्राउझरची शेवटची आवृत्ति १०९ वी, ती जानेवारी २०२३ ची. त्यानंतर सुधारलेलीं संकेतस्थळें अशा यंत्रावर अर्धवट उघडतात. ‘प्रवेश’ हें बटण दिसतें पण दाबलें जात नाहीं. तेव्हां दुसऱ्या कोणाच्या नव्या यंत्रावर तेंच खातें एकदां उघडून पहावें. तेथें उघडलें तर दोष खात्याचा नव्हे.

८. एकदां ओळख पटली म्हणजे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरांत एक लहान खूण ठेवतें. तिला कुकी म्हणतात. पुढील प्रत्येक पानास ती खूण दाखविली जाते, म्हणून पुनः पुनः पासवर्ड द्यावा लागत नाहीं. खूण जुनी होऊन राहिली तर खरा पासवर्ड देऊनही आपण फिरून दाराशींच येतों. परीक्षा अशी : ब्राउझराची खाजगी खिडकी उघडून, जींत जुन्या खुणा नसतात, तेथून प्रवेश करावा. झाल्यास त्या संकेतस्थळापुरत्या जुन्या खुणा पुसाव्या. काम संपल्यावर खिडकी नुसती न मिटतां रीतसर बाहेर पडावें, म्हणजे ‘आपण आधींच आंत आहां’ हा नकार टळतो. ग्रंथालयाच्या सामाईक संगणकावर तर हें अवश्यच करावें.

९. इतकें करूनही न उघडल्यास दोष पलीकडील असूं शकतो, व तो किती मोठा असतो याचीं दोन उदाहरणें अलीकडचीं आहेत. २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी दरोडा पडला. इंडिया ऑफिसचें दप्तर जेथें आहे तीच ही संस्था. तिची मुख्य ग्रंथसूची १५ जानेवारी २०२४ पर्यंत बंद होती, व नंतरही प्रथम केवळ शोधण्यापुरतीच खुली झाली. त्या काळांत ज्यांच्यापाशीं ब्लूमहार्ट व कान्हेरे यांची, इंडिया ऑफिसमधील मराठी हस्तलिखितांची १९५० सालची छापील यादी होती, त्यांस त्या हस्तलिखितांपुरता तरी आधार राहिला. पुढें ऑक्टोबर २०२४ मध्यें, जुन्या मराठी ग्रंथांसाठीं आपल्याकडे नित्य उपयोगांत असलेल्या इंटरनेट आर्काइव्हवर असाच घाला पडला. सुमारें ३ कोटी १० लक्ष खात्यांचे ईमेल-पत्ते व पासवर्डांचीं सारें चोरीस गेलीं, व संकेतस्थळ कित्येक दिवस बंद राहिलें. यावरून दोन गोष्टी घ्यावयाच्या. एक, पलीकडचें दार बंद असतां आपलें खातें हलवूं नये. दुसरी, एकच पासवर्ड सर्व ठिकाणीं ठेवूं नये. कारण एका घरची किल्ली चोरास सांपडली म्हणजे त्यास सर्व घरें मोकळीं होतात.

१०. दार उघडूनही कागद दिसत नाहीं तेव्हां पुष्कळजण दोष लॉगिनचाच समजतात. परंतु तो नांवाचा असतो. या जिल्ह्याचें नांव ऑक्टोबर २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. जुन्या याद्या मात्र जुन्याच नांवानें आहेत. तीं नांवेंही एकरूप नाहींत. अहमद या शब्दांतील ‘म’ नंतरचा स्वर सामान्यतः रोमन ‘ई’नें लिहितात, पण १८८४ च्या गॅझेटिअरांत व २०११ च्या जनगणनेंत तो ‘ए’नें आहे, १८०३ च्या वेढ्याच्या काळच्या इंग्रजी लेखांत ‘नगर’ हें दोन ‘जी’ व दोन ‘यू’ घालून लिहिलेलें सांपडतें. जुन्या गॅझेटिअरांतील अकोला हा आपला अकोले तालुका होय. त्याचा शोध घेणारा सहज वऱ्हाडांतील अकोल्यास जाऊन पोंचतो. नोंदणीपत्रांतील जिल्ह्यांच्या यादींतही जुनें व नवें अशीं दोन्ही नांवें शोधून पहावीं.

११. शेवटीं एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. आज अनेक संग्राहक आपल्या घरच्या कागदांच्या प्रतिमा व लिप्यंतरें ईमेलच्या खात्यास जोडलेल्या जागेंत ठेवतात. ती किल्ली एकाच मनुष्याच्या स्मरणांत व एकाच मोबाईलमध्यें असते. गूगलच्या २०२३ मध्यें जाहीर झालेल्या नियमाप्रमाणें दोन वर्षें न वापरलेलें वैयक्तिक खातें, त्यांतील सर्व पत्रें व चित्रांसह, काढून टाकतां येतें. रुमालांत बांधलेला हातकागद अडीचशें वर्षें टिकला, वाळवीपासूनही वांचला. आणि त्याचें लिप्यंतर मात्र संग्राहकाच्या पश्चात् दोन वर्षांत नाहींसें व्हावें, हें घडूं शकतें. वारसांस पासवर्ड ठाऊक नसतो व मोबाईलचा क्रमांक बंद झालेला असतो. तेव्हां आंत जाण्यास वाट फारशी उरत नाहीं.

यावर उपाय आहेत. गूगलच्या खात्यांत निष्क्रिय खात्याची व्यवस्था म्हणून एक सोय आहे. ३ ते १८ महिने खातें न वापरल्यास १० पर्यंत विश्वासू माणसांस कळवावें व त्यांस मजकूर द्यावा, असें तींत आधींच नेमून ठेवतां येतें. प्रत्येक संग्राहकानें हें आजच करावें. पासवर्ड संगणकाच्या पडद्यावर चिठ्ठीनें डकवूं नयेत. एका वहींत लिहून ती दस्तऐवजांबरोबर कुलपांत ठेवावी व तिची माहिती घरांतील एकास द्यावी. संस्थांनीं, जेथें नियम परवानगी देतो तेथें, खातें संस्थेच्या ईमेलवर व संस्थेच्या क्रमांकावर घ्यावें, आणि पदाधिकारी बदलले कीं दप्तराबरोबर त्याचाही ताबा द्यावा.

सर्वांत मुख्य म्हणजे, संकेतस्थळावर पाहिलेल्या प्रत्येक कागदाचा पुरा संदर्भ, अभिलेखागार, विभाग, वर्ष, फाईल व पान या क्रमानें, आपल्या वहींत उतरून घ्यावा. ‘माझ्या खात्यांत जतन केला आहे’ हा संदर्भ नव्हे. तो खातें असेपर्यंतच चालतो, व तोही एकासच. पुरा संदर्भ लिहिलेला असला तर खातें गेलें, संकेतस्थळ पालटलें, किंवा संशोधक स्वतः राहिला नाहीं, तरी दुसरा मनुष्य दुसऱ्या दारानें त्याच कागदापाशीं पोंचतो. जिल्ह्यांतील संग्राहकांनीं अशा वह्या आतांपासून ठेवाव्या, व ज्या आहेत त्यांची एक नक्कल आपल्या विश्वासांतील संस्थेंत ठेवण्याची व्यवस्था करावी, अशी विनंती करून हें टिपण पुरें करितों.